शांतिसेनेचे आईबाप



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत मी 'युद्ध आणि मराठी साहित्य' या विषयावर बोलावे, अशी सूचना होती. विषय मोठा आहे आणि त्यावर अधिकारवाणीने बोलणारे माझ्याहून योग्य लोक आहेत. मी त्याचा एकच कोपरा घेतो. ज्या युद्धाविषयी समाजाचे एकमत नाही, किंबहुना जे युद्ध हळूहळू सर्वांनाच नकोसे झाले, अशा युद्धात ज्यांचा मुलगा गेला त्या आईबापांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, हा तो कोपरा. मी भाषेचा मास्तर असल्यामुळे शब्दांपासूनच सुरुवात करतो.

रणांगणावरील मृत्यूसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. धारातीर्थी पडणे, वीरगती, वीरमरण, हुतात्मा, अलीकडचा शहीद. बखरकारांची भाषा याहून रोखठोक असते. अमुक सरदार 'कामास आले', इतके लोक 'खर्ची पडले', असे ते लिहून जातात. 'खर्ची पडले' हा प्रयोग प्रथमदर्शनी निष्ठुर वाटतो; मला मात्र तो या सर्वांत प्रामाणिक वाटत आला आहे. खर्च म्हटला की हिशेब आला, आणि हिशेब म्हटला की तो मागणारा व देणारा, दोघेही आले. 'वीरगती' या शब्दात ती सोय नाही.

मागे राहिलेल्यांचे काय? नवरा गेलेल्या स्त्रीला, बायको गेलेल्या पुरुषाला, आईबाप गेलेल्या मुलाला भाषेने नाव दिले आहे. मूल गेलेल्या आईबापाला नाव नाही. त्यांच्या दुःखाला तेवढे आहे, पुत्रशोक. अलीकडे सरकारदरबारी 'वीरमाता' आणि 'वीरपिता' हे शब्द रूढ झाले आहेत. त्यामागील आदराविषयी शंका नाही. परंतु हे शब्द आईविषयी काही सांगत नाहीत, मुलाविषयी सांगतात. शिवाय ते एक अपेक्षा घेऊन येतात. वीरमातेने डोळे पुसून 'दुसरा मुलगा असता तर तोही दिला असता' असे म्हणावे, अशी ती अपेक्षा. 'माझ्या मुलाला तिथे का पाठवले?' असे तिने विचारले, की सत्कारसमारंभातील मंडळी अस्वस्थ होतात.

हा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. पानिपताविषयी आपण अडीचशेहून अधिक वर्षे वाद घालीत आहोत. उदगीरची लढाई जिंकल्यावर परतूरच्या तळावर उत्तरेच्या मोहिमेचा बेत ठरला. ही दोन्ही ठिकाणे मराठवाड्यातली, म्हणजे आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानच्या मुलखातली. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडला, भाऊसाहेब पडले. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, २३ जून रोजी, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. आता पाहा: बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर घेतले ही चूक होती का, सुरजमल जाटाचे ऐकायला हवे होते का, होळकर रणातून निघाले ते योग्य की अयोग्य, या प्रत्येक मुद्द्यावर बखरी, इतिहासग्रंथ, नाटके, कादंबऱ्या यांनी भांडण मांडले आहे. आपल्या ग्रंथालयातच पानिपतावर किती पुस्तके आहेत ते मोजून पाहावे. एवढे भांडूनही पानिपतावर पडलेल्या माणसांना कमी लेखावे असे कोणा मराठी माणसास कधी वाटले नाही. मोहिमेचे शहाणपण हे एक खाते आणि लढणाऱ्याचे धैर्य हे दुसरे, ही समज आपल्याकडे होती.

ती १९८७ साली कुठे गेली, हे मला कळत नाही.

१९८७ हे साल मी सहज घेतलेले नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि भारतीय सेना श्रीलंकेत उतरली. प्रथम गेली ती ५४ वी पायदळ डिव्हिजन. तिचे मुख्यालय आपल्या सिकंदराबादला. मी तेव्हा इंटरचा विद्यार्थी होतो. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत रेडिओच्या बातम्यांत 'जाफना' हा शब्द रोज कानी पडे. घरोघरी वाद मात्र चाले तो बोफोर्सच्या दलालीचा. ज्या छावणीतून फौज गेली ती आमच्यापासून काही मैलांवर होती, आणि युद्ध चालू आहे असे आम्हांला वाटत नव्हते. त्याला कारणही होते. त्या फौजेचे नाव 'शांतिसेना' होते.

हे नाव पुढे आईबापांच्या वाट्याला कसे आले असेल याचा विचार करावा. शांतता राखण्यासाठी गेलेला मुलगा ऑक्टोबरमध्ये, ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो असे त्याला सांगितले होते त्यांच्यातीलच वाघांशी लढू लागला. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फन्ट्रीच्या १३ व्या पलटणीचे तीस जवान उतरवले गेले. त्यांतील एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. २५ नोव्हेंबरला मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचे, पलटण ८ महार. छातीत गोळी लागली असताना त्यांनी शत्रूची रायफल हिसकावून त्यालाच लोळवले. त्या संपूर्ण मोहिमेतील ते एकमेव परमवीरचक्र. जवळजवळ अडीच वर्षांत सुमारे बाराशे सैनिक गेले. एवढ्यात श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्या फौजेला निघून जाण्यास सांगितले. दिल्लीतही सरकार बदलले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी मद्रासला परतली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी स्वागताला जाण्याचे नाकारले. तमिळ जनतेवर झालेल्या अत्याचारांच्या तक्रारी होत्या आणि त्या सर्वच खोट्या होत्या असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तो वाद व्हायलाच हवा होता. पण त्या बाराशे घरांत कोणी काय बोलावे? 'देशासाठी गेला' म्हणावे, तर देश तो विषयच काढीत नव्हता. 'चुकीच्या धोरणामुळे गेला' म्हणावे, तर मुलाच्या मरणाची किंमत आपणच कमी केल्यासारखे होते.

आणि बहुतेक घरांत तर मुलगा परतही आला नाही. शवपेटी गावात येणे, चौकात गर्दी जमणे, हे दृश्य आपल्या सवयीचे झाले ते १९९९ च्या कारगिलपासून. त्याआधी रणभूमीच्या जवळपास अंत्यसंस्कार होत आणि घरी तार व ट्रंक येई. गावाने शोक करावा असे समोर काही येतच नसे.

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो. अशा युद्धात गेलेल्या मुलाला पुष्कळदा आईबापांनीच पाठवलेले असते. विश्वासरावाला मोहिमेवर धाडावे हा गोपिकाबाईंचा आग्रह होता, असे परंपरेने सांगतात. खरे-खोटे इतिहासकारांनी पाहावे. पण लोकांनी ही कथा जपली, यावरून या दुःखाचे मर्म त्यांना माहीत होते असे दिसते. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग पहिल्या महायुद्धाचा मोठा पुरस्कर्ता होता. मुलगा जॉन याची दृष्टी अधू म्हणून सैन्याने त्याला नाकारले, तेव्हा बापाने ओळख वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घातले. सप्टेंबर १९१५ मध्ये लोसच्या लढाईत तो नाहीसा झाला. किपलिंगच्या हयातीत त्याचे शव ओळखले गेले नाही. त्यानंतर हा माणूस युद्धस्मशानांच्या आयोगावर काम करीत राहिला आणि मुलाच्या पलटणीचा इतिहास त्याने स्वतः लिहिला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये केथे कोल्विट्झ ही चित्रकर्ती होती. तिचा पीटर अठरा वर्षांचा. स्वयंसैनिक होण्यास बापाची संमती लागे आणि बाप तयार नव्हता. केथेने नवऱ्याची समजूत घातली. ऑक्टोबर १९१४ मध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. चार वर्षांनी, पराभव समोर दिसत असताना, रिचर्ड डेमेल या कवीने उरल्यासुरल्यांनीही स्वेच्छेने रणात उतरावे असे आवाहन केले, तेव्हा तिने वृत्तपत्रातून त्याला जाहीर उत्तर दिले: आता पुरे. आईबापांचे जे शिल्प करायला तिने घेतले ते स्मशानभूमीत उभे राहायला १९३२ साल उजाडले. दोन आकृती आहेत, दोन्ही गुडघ्यांवर, आणि दोघांची बैठक वेगवेगळी. एकाच मुलाचे आईबाप, पण प्रत्येकजण आपापल्या दगडावर एकटा.

आपल्याकडे किपलिंग शोधायला दूर जावे लागत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडील घरांत आजोबा सुभेदार, बाप हवालदार, आणि भरतीच्या दिवशी पहाटे मुलाला मैदानावर घेऊन जाणारा बापच, हे चित्र नित्याचे आहे. अशा बापाला कोणी वर्तमानपत्रातून 'हे बळी व्यर्थ गेले' असे ऐकवतो, तेव्हा तो शब्द सरकारला लागत नाही, त्याला लागतो.

येथे व्याकरणाच्या मास्तराला थोडे बोलू द्यावे. 'बळी व्यर्थ गेले' या वाक्याचा कर्ता कोण? बळी. म्हणजे जे मेले तेच व्यर्थ गेले. ज्याने धाडले तो वाक्यात कुठेही नाही. याउलट 'सरकारने तयारीवाचून फौज पाठवली' असे म्हणा, कर्ता जागेवर येतो. नकोशा झालेल्या युद्धावर टीका करणारे आणि त्याचे समर्थन करणारे, दोघेही पहिल्या प्रकारची वाक्ये पसंत करतात. एक म्हणतो 'बलिदान व्यर्थ गेले', दुसरा म्हणतो 'बलिदान व्यर्थ जाऊ देणार नाही', आणि दोघांच्याही व्यासपीठावर तीच आई बसवलेली असते. तिचे दुःख हा पुरावा म्हणून वापरला जातो. तिचा प्रश्न मात्र बलिदानाविषयी नसतोच. तो साधा असतो: कोणी ठरवले, काय माहिती होती म्हणून ठरवले, आणि नंतर त्याला कोणी विचारले?

या प्रश्नाला उत्तर देता येते. कारगिलनंतर, योगायोगाने २९ जुलै याच तारखेला, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००० साली संसदेपुढे ठेवला गेला. काही भाग वगळला गेला, ही गोष्ट खरी, तरी आईबापांच्या हाती देण्याजोगे काहीतरी छापलेले होते. त्यामुळे कारगिलच्या कोणा वीराची कीर्ती उणावली नाही. १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. शांतिसेनेसाठी सुब्रह्मण्यम समितीसारखे काही झाले नाही. जे लिहिले ते अधिकाऱ्यांनी. डिव्हिजनचे सेनापती हरकिरत सिंग यांनी एक बाजू लिहिली, तेव्हाचे कोलंबोतील उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांनी दुसरी. दोन्ही वाचनीय आहेत. परंतु दोघांच्याही पुस्तकांत जवान हा आकडा आहे.

प्रश्न विचारणारी आई सैन्याची वैरीण ठरते, हा समजही तपासून घ्यावा. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगड येथे मिग-२१ कोसळून गेले. ते युद्ध नव्हते, पण प्रश्न त्याच जातीचा होता. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. त्यांचे पती स्वतः हवाईदलात नोकरी केलेले. म्हणजे हे घर हवाईदलाचेच होते, आणि घरातल्या माणसानेच घराला जाब विचारला होता. मिग-२१ हवाईदलातून निरोप घेऊन गेले ते सप्टेंबर २०२५ मध्ये, अभिजितनंतर चोवीस वर्षांनी.

नावांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगाव शिळा बसवल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. आकडे आहेत, नावे नाहीत. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावरही हिंदी शिपायांचे पलटणवार आकडेच कोरले गेले. कोलंबोजवळ कोट्टे येथे शांतिसेनेच्या जवानांची नावे दगडावर आली, २००८ साली. ज्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाने त्यांना जा म्हटले होते, त्या देशात. दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक झाले २०१९ साली. कोट्ट्यापर्यंत किती आईबाप जाऊ शकले असतील?

म्हणून ग्रंथालयाच्या मंडळींकडे एक मागणे आहे. १९८७ साली वीस-बावीस वर्षांचा मुलगा गमावलेले आईबाप आज ऐंशीच्या पुढे असतील. सिकंदराबाद, बोलारम, तिरुमलगिरी या छावणीच्या परिसरात निवृत्त सैनिकांची घरे आहेत. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रातही आपल्या सभासदांचे नातेवाईक आहेत. शताब्दीनिमित्त संदर्भविभागात एक वही ठेवावी आणि आपल्या तरुण सभासदांनी ती घेऊन या घरी जावे. मराठीत सांगतील ते मराठीत, तेलुगूत किंवा दखनीत सांगतील ते तसेच उतरवावे. वहीत रकाने फार आखू नयेत. नाव, गाव, मुलाचे नाव, त्याचे वर्ष; त्याखाली उरलेले पान मोकळे ठेवावे. वही भरली नाही तरी चालेल. पहिल्या चार घरी जाण्यास मी येतो.