घरांतील हवा आणि तिची गाळणी

मुंबईच्या हवेविषयीं एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. समुद्र जवळ आहे, वारा वाहतो, तेव्हां धूळ आणि धूर येथें टिकणार नाहींत, अशी ती समजूत. पावसाळ्यांत ती पुष्कळ अंशीं खरीहि ठरते. परंतु २०२२-२३ च्या हिवाळ्यांत वारे मंदावले, शहराची हवा अनेक दिवस ‘वाईट’ या वर्गांत राहिली, आणि पुढें ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. महानगरपालिकेनें त्याच महिन्यांत उंच इमारतींच्या बांधकामाभोंवतीं ३५ फूट उंचीचे पत्रे उभारण्याचा नियम काढला. पत्रे उभे राहोत वा न राहोत, ज्या घरांत दम्याचें मूल आहे किंवा जिना चढतांना धाप लागणारे आजोबा आहेत, त्या घराला वाट पाहत बसतां येत नाहीं. हवा गाळणारें यंत्र, ज्याला बाजारांत एअर प्युरिफायर म्हणतात, तें घ्यावें काय, आणि घ्यावयाचें तर कोणतें, हा तेथें चैनीचा प्रश्न राहत नाहीं.

याचें उत्तर दुकानदारापाशीं नसून खिडकीबाहेरच्या हवेंत आहे. त्या हवेची प्रकृति पाहण्याचें साधन आतां सर्वांच्या हातांत आहे. केंद्र सरकारनें एप्रिल २०१५ मध्यें राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू केला. त्यांत आठ प्रदूषकांचा विचार होतो, आणि ज्याचें मान सर्वांत वाईट, त्याचाच आंकडा त्या ठिकाणाच्या नांवावर लागतो. येथें दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेंतून सुटतात. एक ही कीं, निर्देशांक म्हणजे हवेंतील धुळीचें वजन नव्हे. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांपुरतें बोलावयाचें तर निर्देशांक १०० म्हणजे घनमीटरमागें ६० मायक्रोग्रॅम, आणि २०० म्हणजे ९०. भारतांत चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें सुचविलेली मर्यादा मात्र अवघी १५. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आंकड्याशेजारीं प्रमुख प्रदूषकाचें नांव दिलेलें असतें, आणि यंत्राची निवड खरी त्या नांवावर अवलंबून असते.

बांधकामाची व रस्त्याची जाड धूळ लवकर खालीं बसते. तिच्यासाठीं यंत्रावर हजारों रुपये घालण्यापूर्वीं खिडकीला बारीक जाळी लावावी आणि झाडूऐवजीं ओल्या फडक्यानें फरशी पुसावी; झाडूनें ती धूळ पुन्हां उडते, एवढेंच होतें. सूक्ष्म कणांची गोष्ट निराळी. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर हे कण तिच्या विसाव्या हिश्श्याहूनहि लहान असतात, तासन्‌तास तरंगतात आणि फुप्फुसाच्या अगदीं खोल भागापर्यंत पोहोंचतात. खरी लढाई त्यांच्याशीं आहे. तिसरा प्रकार वायूंचा. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आसपास नाकाला जें जाणवतें, तें कोणतीहि कणांची गाळणी अडवीत नाहीं; त्यासाठीं सक्रिय कोळशाचा थर लागतो, आणि तो कागदासारखा पातळ असेल तर थोड्याच दिवसांत भरून निरुपयोगी होतो. चंद्रपुरास तर कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉटचें औष्णिक वीज केंद्र यांच्या शेजारीं धूळ, राख व गंधकाचा धूर अशीं तिन्ही संकटें एकत्र नांदतात. तेथील कुटुंबानें आणि दादरच्या कुटुंबानें एकच यंत्र एकाच भरंवशानें घ्यावें, हें शहाणपणाचें नाहीं.

सूक्ष्म कणांसाठीं जी गाळणी घ्यावयाची, तिचें नांव हेपा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत अणुसंशोधन चाललें असतां किरणोत्सर्गी कण हवेंतून वेगळे काढण्याची गरज पडली. तिच्यांतून ही गाळणी पुढें आली. ०.३ मायक्रॉनच्या शंभर कणांपैकीं ९९.९७ कण तिनें अडवावेत, असा दंडक आहे. याहून लहान कण सहज निसटत असतील, असें कोणालाहि वाटेल. परंतु तसें होत नाहीं. मोठे कण आपल्याच वेगानें तंतूंवर आदळतात, आणि अतिलहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके वेडेवांकडे फिरतात कीं शेवटीं तंतूला चिकटतातच. ०.३ च्या आसपासचे कण या दोन्ही फांसांतून सुटण्याची शक्यता अधिक, म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात. खोक्यावर ‘हेपासारखी’ असें लिहिलें असेल तर ती हेपा नव्हे, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे.

गाळणी उत्तम असली तरी तिच्यांतून हवा किती जाते, हा हिशेब राहतोच. यंत्र तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देतें, तो आंकडा त्यावर छापलेला असतो. दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तींत सुमारें ३४ घनमीटर हवा मावते. ती तासांत पांच वेळां गाळावयाची तर यंत्राची शक्ति १७० हवी. छापलेला आंकडा बहुधा सर्वांत जोराच्या गतीचा असतो, आणि त्या गतीच्या घरघरीनें कोणाला झोंप येत नाहीं. म्हणून गरजेहून मोठें यंत्र घेऊन तें हळू चालविणें बरें.

आतां खिडकीचा प्रश्न. समजा, बाहेर सूक्ष्म कणांचें मान ९० आहे. खिडक्या बंद असून फटींतून तासाला एकदांच खोलीभर नवी हवा येत असेल, तर पांच वेळां गाळणारें यंत्र आंतील मान सुमारें सहाव्या हिश्श्यावर, म्हणजे १५ वर आणतें. तेंच यंत्र खिडकी उघडी ठेवून चालविलें आणि तासाला दहा वेळां बाहेरची हवा आंत आली, तर मान ६० वर अडकतें. वीज तेवढीच जळते! दिल्लींत नोव्हेंबरांत बाहेर ३०० झाले असतां हेंच यंत्र बंद खोलींत ५० पर्यंतच पोहोंचतें, आणि १५ गांठावयाचे तर जवळजवळ चौपट शक्ति लागते. मुंबईच्या मापाचें यंत्र दिल्लीच्या नातेवाइकांस भेट देणाऱ्यानें हा हिशेब आधीं करावा.

खिडक्या सदैव बंद ठेवणेंहि योग्य नव्हे. बंद खोलींत माणसांच्या श्वासानें कर्बवायु सांचतो, डोकें जड होतें, आणि तो कोणतेंहि असलें यंत्र काढीत नाहीं. मुंबईंत हिवाळ्यांत रात्रीं जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो व गार हवेच्या थराखालीं धूर कोंडतो. दुपारीं ऊन तापून तो थर फुटतो आणि समुद्रावरचा वारा सुटतो. म्हणून खिडक्या दुपारीं उघडाव्यात, रात्रीं व पहांटे मिटाव्यात. पहांटेची हवा शुद्ध, हा घरोघरचा सिद्धांत या महिन्यांत तरी बाजूला ठेवावा लागतो.

आयन सोडणाऱ्या कांहीं यंत्रांतून ओझोन निघतो. ओझोन स्वतःच फुप्फुसास अपायकारक आहे, तेव्हां दमेकऱ्याच्या घरीं तीं नकोत. कुंड्यांतील झाडांची भिस्त तर मुळींच धरूं नये. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यानुसार, साध्या वायुवीजनाची बरोबरी करावयास चौरस मीटरमागें दहापासून हजारपर्यंत झाडें लागतील. एवढ्या झाडांत पलंग कोठें ठेवावयाचा?

शिवाय शत्रू पुष्कळदां घरांतच असतो. डास पळविण्याच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असें २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत आढळलें. कॉइल पेटवून शेजारीं यंत्र लावणें म्हणजे नळ सोडून फरशी पुसणें होय. मच्छरदाणी स्वस्त पडते. फोडणीच्या धुरासाठीं स्वयंपाकघरांत बाहेर हवा फेंकणारा पंखा हवा. तेलकट धुरानें हेपा लवकर खराब होते.

बहुतेक घरांत एकच यंत्र परवडतें, आणि तें पाहुण्यांना दिसावें म्हणून दिवाणखान्यांत जाऊन बसतें. त्याची जागा ज्याला धाप लागते त्याच्या निजण्याच्या खोलींत आहे, कारण आठ तास सलग तेथेंच जातात. यंत्र भिंतीपासून हातभर पुढें ओढावें, बाहेरची जाळी पंधरवड्यानें धुवावी. हेपा मात्र पाण्यांत घालूं नये. विकत घेतांना यंत्राच्या किंमतीआधीं नव्या हेपाची किंमत विचारावी, व ती गांवांत मिळते कीं नाहीं तेंहि. काळवंडलेली गाळणी बदलण्यास पैसे उरले नाहींत, तर दुसऱ्या हिवाळ्यांत तें यंत्र नुसता पंखा होऊन बसतें.