निःशल्य मन आणि समुपदेशन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही 'समुपदेशन' या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, ते केवळ अनुभवाच्या आधारावर.

आठ वर्षांपूर्वी माझ्या धर्मपत्नीचे निधन झाले. तिची पोटदुखीची तक्रार मी ऐन लग्नसराईत 'सीझन संपू दे, मग दाखवू' असे म्हणून पुढे ढकलली होती. नंतर मी नित्याप्रमाणे दुकानात बसत होतो, गिऱ्हाइकांशी हसून बोलत होतो. परंतु रात्री झोप नव्हती. हातात जपमाळ होती, मन मात्र जपात नव्हते. सूनबाईंनी समुपदेशकाकडे जाण्याचे सुचविले, तेव्हा मी रागावलो, "मी काय वेडा आहे?" शेवटी गेलो, तो स्कूटर शेजारच्या गल्लीत लावून!

समुपदेशकांनी मला उपदेश केला नाही. त्यांनी ऐकून घेतले. तिसऱ्या भेटीत विचारले, "दुखणे गंभीर आहे, हे तेव्हा तुम्हांला ठाऊक होते का?" मी म्हणालो, "नव्हते." "मग आज जे ठाऊक आहे, त्यावरून त्या दिवसाचा निवाडा कसा करता?" उत्तर मलाच शोधायचे होते. माझी दिरंगाई पुसली गेली नाही. पण तिचे ओझे जेवढे खरे होते, तेवढेच उरले. मला झोप लागू लागली.

बंधू-भगिनींनो, ही पद्धत आपल्याला सर्वस्वी परकी आहे काय? आपल्या शास्त्रात सहा अंतरंग तपांपैकी पहिले तप प्रायश्चित्त, आणि प्रायश्चित्ताचा पहिला भेद आलोचना, म्हणजे गुरूंसमोर मन मोकळे करणे. आत रुतलेल्या काट्याला आपण 'शल्य' म्हणतो. आचार्य शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या ग्रंथात आलोचना ऐकणारे आचार्य 'अपरिस्रावी' असावेत, असे सांगितले आहे. ऐकलेले त्यांच्याकडून बाहेर झिरपू नये. आज समुपदेशक गोपनीयता पाळतात, तिचे मर्म हेच. आलोचनेचे दहा दोषही सांगितले आहेत. इतरांनी पाहिलेलेच सांगणे, मोठे सांगून लहान लपविणे, गोंगाटात गुरूंना ऐकू जाणार नाही असे सांगणे. माणूस बोलत असतानाही कसा लपवितो, हे आपल्या पूर्वाचार्यांनी किती बारकाईने ओळखले होते!

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. आलोचना दोषांची असते. दुःख हा दोष नव्हे. समुपदेशक गुरूची जागा घेत नाही, आणि त्याच्याकडे जाणारा अपराधी नसतो. कोणी म्हणतात, 'हे कर्माचे फळ, भोगलेच पाहिजे.' परंतु ताप आला असता तोही असातावेदनीय कर्माचा उदय मानून आपण औषध नाकारीत नाही. मग मनाच्या दुखण्यालाच हा न्याय का?

या उपचारांचा लाभ शास्त्रीय कसोटीवरही उतरला आहे. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यग्रस्त रुग्णांचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींनी रुग्णांशी 6 ते 8 भेटींत संवाद साधला. 2017 साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी असा संवाद लाभलेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. तो न लाभलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. अर्थात समुपदेशन हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. भास होणे, जीव देण्याचे विचार येणे, अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे, औषधेही घ्यावीत. शासनाची 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

आता विश्वस्तांना नम्र विनंती. पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने धर्मशाळा उभारली, पाठशाळा चालविली, दवाखाना उघडला. त्याच दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस एक खोली प्रशिक्षित समुपदेशकासाठी राखून ठेवावी. पहिल्या वर्षाचे मानधन देण्याची माझी तयारी आहे. एकच आग्रह आहे. त्या खोलीचे दार मुख्य रस्त्यावरून दिसणारे असावे, आणि स्कूटर त्या दारासमोरच उभी करता यावी. पहिल्या दिवशी माझी स्कूटर तेथे उभी राहील.

वैयावृत्त्य हेही अंतरंग तपच आहे. आजाऱ्याचे पाय चेपणे ही जशी सेवा, तशीच दुःखिताचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे ही सेवा. बोलताना काही न्यून राहिले असल्यास उदार मनाने क्षमा करावी.

जय जिनेंद्र!