भिंतीवरचे हसू
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



गृहसजावटीवर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम आमच्याच भिंतींकडे पाहिले. देवघरात राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली जुनी लक्ष्मी, बैठकीत थोरामोठ्यांच्या तसबिरी आणि दाराशी किराणा दुकानाचे कॅलेंडर. आपल्या बहुतेक घरांत एवढेच असते. आमच्याकडे मात्र बंगईच्या वर आणखी एक चौकट आहे, आणि तिच्याविषयीच मी आज बोलणार आहे.

आमच्या मामंजींना दिवाळी अंकांचा भारी नाद. त्यांच्या मागे माळ्यावरची पेटी उघडली, तर आत ‘किर्लोस्कर’, ‘मोहिनी’, ‘आवाज’, ‘दीपावली’ यांचे जुने अंक निघाले. कथा वाचायच्या राहिल्या आणि मी चित्रांतच रमले. वाटले, हे हसू पेटीत का ठेवायचे? भिंतीवर का नको? विनोद काही आपल्या वऱ्हाडाला परका नाही. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर इथेच, जळगाव-जामोदला वकिली करीत होते.

पहिले चित्र निवडताना मात्र मी चुकले. एक अगडबंब बायको, हातात लाटणे, आणि पलंगाखाली दडलेला काडीसारखा नवरा. आम्ही सारे पोट धरून हसलो आणि ते चित्र बैठकीत लावले. आमच्या मामेसासूबाई अकोल्याहून नेहमी येत. अंगाने त्या चांगल्या भरलेल्या. पहिल्या खेपेला त्याही हसल्या. पुढे माझ्या ध्यानात आले, की त्या बंगईवर बसत नाहीत, चित्राकडे पाठ करून खुर्चीवर बसतात. एकदा चहा देताना मी कारण विचारले, तर हसतच म्हणाल्या, “बाई वो, तुह्या घरी आलं का मले पहिले आरसा पाहा लागते!”

भगिनींनो, त्या दिवशी चहा मला गोड लागला नाही. मासिकातला विनोद आपण एकदा वाचतो आणि पान उलटतो. भिंतीवरचे पान उलटत नाही. तो विनोद रोज सकाळ-संध्याकाळ, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहतो. जुन्या अंकांत लठ्ठ बायको, कजाग सासू, शिकलेली म्हणून नखरेल ठरवलेली मुलगी, बावळट मोलकरीण अशी चित्रे ढिगाने सापडतात. ती त्या काळाची साक्ष म्हणून पेटीत जरूर जपावीत. पण घरातल्याच माणसाला घरात टोचेल, असे चित्र भिंतीवर कशाला?

मग लावावे तरी काय? त्याच पेटीत उत्तर होते. १९५२ च्या ‘मोहिनी’साठी शि. द. फडणीसांनी काढलेले मुखपृष्ठ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. तरुणाच्या सदऱ्यावर उंदरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर मांजरांची! खाली एक अक्षर नाही. वाचता न येणाऱ्या आजीला ते कळते आणि चार वर्षांच्या नातवालाही. त्यात कोणाचे रूप, जात वा गरिबी हसण्यावारी नेलेली नाही. म्हणूनच इतक्या वर्षांनी ते शिळे झालेले नाही. शंकरराव किर्लोस्कर ‘किर्लोस्कर’चे संपादक असून स्वतःच व्यंगचित्रे काढीत, आणि त्यांचा चिमटा बहुधा रूढींना असे. तसा चिमटाही घरात चालेल. दुबळ्याला काढलेला चिमटा तेवढा नको. आणि ‘आवाज’ची खिडकीचित्रे चौकटीत घालू नका बरे का! १९५१ पासून निघालेल्या त्या अंकाची सगळी गंमत पान उलटण्यात आहे. काच बसली की गंमत गेली.

आता थोडे व्यवहाराचे. मूळ अंक कापू नका. कापलेला अंक पुन्हा जुळत नाही. चांगली प्रत काढून ती लावा आणि अंक कपाटात ठेवा. प्रत घरापुरतीच असावी. विकायची किंवा छापायची असेल, तर चित्रकाराच्या वारसांची परवानगी हवी, कारण आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रेही अजून त्या मुदतीत आहेत.

आपल्याकडचे ऊन तुम्ही जाणताच. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा खिडकीसमोर चित्र लावले, तर रंग लवकर उडतात. जुन्या अंकांचा स्वस्त कागद तर उजेडानेच पिवळा पडून तुकडे होऊ लागतो. काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये जाड कागदाची पट्टी घालावी. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळावी, आणि दिवाळीच्या साफसफाईत चौकट उतरवून मागे वाळवी लागली नाही ना, हे पाहावे.

आमच्या बैठकीतले ते लाटणेवाले चित्र मी त्याच आठवड्यात उतरवले आणि जागी उंदीर-मांजर लावले. मामेसासूबाई पुढच्या खेपेला आल्या. काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसून चित्र जवळून पाहिले, खुदकन हसल्या आणि बंगईवर जाऊन बसल्या. पाय वर घेऊन, अगदी ऐसपैस.

भगिनींनो, घर सजले की नाही, हे मी तेव्हापासून एकाच गोष्टीवरून ओळखते: आलेले माणूस मोकळेपणाने बसते की नाही. आपापल्या भिंतीकडे आज घरी गेल्यावर एकदा त्या नजरेने पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.