‘तेवढ्यापुरता’



पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. तेच रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. कायद्याचा अर्थ लावण्यात त्यांची बुद्धी अजोड होती. पण एखादा कायदा नागरिकाच्या मूलभूत हक्काच्या आड येतो म्हणून तो कायदाच बाजूला सारायचा, हे त्यांना शक्य नव्हतं. तसे हक्क लिहून देणारी राज्यघटनाच तेव्हा नव्हती.

ती २६ जानेवारी १९५० ला अमलात आली, आणि तिच्या अनुच्छेद १३ ने चित्र पालटलं. कायदा जुना असो की नवा, तो मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर जितका विसंगत तितका शून्य. मला आज ज्या एका शब्दाविषयी बोलायचं आहे तो इथेच आहे: ‘तेवढ्यापुरता’. कायदा सगळा जात नाही. जिथे तो घटनेला खुपतो तेवढाच जातो. कायदे असे रद्द ठरवण्याच्या न्यायालयांच्या अधिकारावर आपण तावातावाने भांडतो, पण हा शब्द विसरून भांडतो.

या शब्दाची एक मोठी कसोटी सुरुवातीलाच मुंबईत लागली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. बलसारा नावाच्या एका पारशी गृहस्थांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांची यादी वाचण्यासारखी आहे: व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, कोलन वॉटर, लव्हेंडर वॉटर, आणि अल्कोहोल असलेली औषधं नि प्रसाधनं. हे सगळं बाळगण्याचा आणि वापरण्याचा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या खंडपीठाने ऑगस्ट १९५० मध्ये काही कलमं अवैध ठरवली. निकाल सरकारला रुचला नाही, बलसारांनाही पुरेसा वाटला नाही. दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे २५ मे १९५१ ला न्यायमूर्ती फज्ल अली यांनी लिहिलेला निकाल आला. दारूबंदी करण्याचा राज्याला अधिकार आहे, अधिनियम टिकतो, व्हिस्कीवरची बंदी टिकते. मात्र अल्कोहोल असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर सरसकट बंदी घालणं हा अवाजवी निर्बंध आहे, म्हणून तेवढा भाग गेला. आणखी एक कलम गेलं, त्याच्याकडे मी तुमचं लक्ष मुद्दाम वेधतो. मादक पदार्थाची नुसती प्रशंसा करणं हाही त्या कायद्यात गुन्हा होता. न्यायालयाने म्हटलं, हा भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे. म्हणजे मुंबईच्या माणसाला दारू पिता येईना, पण ती चांगली असते असं म्हणता येऊ लागलं!

हसू नका, ही गोष्ट फार मोलाची आहे. दारूबंदी चांगली की वाईट, हे त्या न्यायाधीशांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते ठरवणं विधानसभेचं काम. त्यांनी उसवणीच्या सुईने एकेक टाका तपासला आणि चुकीचे तेवढे टाके काढले. कापड फाडलं नाही. एखाद्या न्यायाधीशाला हे काम जमतं की नाही, हे मी आजही याच निकालाशी ताडून बघतो.

आता नेहमीचा आक्षेप. लाखो मतांनी निवडून आलेल्यांनी केलेला कायदा कुणीही न निवडलेल्या दोन-चार माणसांनी का मोडावा? आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला झिडकारून चालणार नाही. पण न्यायाधीश सकाळी उठून कायदे शोधत हिंडत नाहीत. कुणीतरी नागरिक अनुच्छेद ३२ किंवा २२६ खाली दार ठोठावतो, तेव्हा त्यांना उत्तर द्यावं लागतं. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत अनुच्छेद ३२ ला घटनेचा आत्मा म्हटलं, ते या दारासाठी. बहुमत ज्याच्या बाजूने आहे त्याला या दाराची गरज पडत नाही. एकटा पडलेल्या माणसाला पडते.

हे दारच बंद करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा काय घडलं? केशवानंद भारती खटला सगळ्यांना ऐकून माहीत आहे: तेरा न्यायाधीश, ६८ दिवसांची सुनावणी, नानी पालखीवालांचा युक्तिवाद, २४ एप्रिल १९७३ चा सात विरुद्ध सहा असा निकाल आणि घटनेची मूलभूत चौकट. पण त्या दिवशी प्रत्यक्षात काय रद्द झालं, हे विचारलं तर वकीलही थबकतात. २४ वी आणि २९ वी घटनादुरुस्ती टिकली. २५ वीसुद्धा बरीचशी टिकली. गेला तो तिच्यातला एक तुकडा. ठरावीक घोषणा जोडलेल्या कायद्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं तो म्हणत होता. तपासणीलाच मज्जाव करणारं जे वाक्य होतं, तेच नेमकं गेलं.

आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, दुसरी वाट काढली. कायद्याची घटनात्मकता तपासायला सर्वोच्च न्यायालयात किमान सात न्यायाधीश हवेत आणि तो अवैध ठरवायला दोन तृतीयांश बहुमत हवं. हिशेब करून बघा. सातांपैकी चौघांना कायदा घटनाबाह्य वाटला, तरी तो चालूच राहणार! उच्च न्यायालयांना तर केंद्राचा कायदा तपासायलाच मनाई झाली. जनता सरकारच्या काळात ४३ व्या दुरुस्तीने ही कलमं काढली. त्या दोन दुरुस्त्या शेजारी ठेवून वाचल्या की आपण कशातून वाचलो ते कळतं.

न्यायालयांचा मी भाट नाही. निवडणूक रोख्यांची योजना २०१७ पासून न्यायालयासमोर होती. ती घटनाबाह्य ठरली १५ फेब्रुवारी २०२४ ला. मधल्या काळात लोकसभेची एक निवडणूक होऊन गेली. निकाल बरोबर होता, पण इतका उशीर अक्षम्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळाचा संबंध आणखी एका रीतीने येतो, आणि तो मुंबईतल्या चाळकऱ्यांना ठाऊक आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. कायदा केला तेव्हा तो रास्तच होता. युद्धानंतर जागेची टंचाई भयंकर होती. पण १९ डिसेंबर १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जन्मतः वैध असलेली ही तरतूद काळ लोटल्यामुळे अवाजवी झाली आहे. तरीही न्यायालयाने ती तिथल्या तिथे रद्द केली नाही. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती. दुरुस्ती न करता ती वाढवली तर चालणार नाही, एवढं बजावलं आणि पुढचं काम विधिमंडळाकडे सोपवलं. १९९९ चा नवा कायदा झाला, त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढ आली. मालकाला ती तुटपुंजी वाटते, भाडेकरूला जड वाटते. पण तो हिशेब आमदारांनी घातला, न्यायाधीशांनी नाही, आणि ते योग्य झालं.

शेवटी पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लागलं. कुणाला त्रास वाटेल, गैरसोय होईल असा मजकूर पाठवला तरी तीन वर्षांपर्यंत कैद! श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती नरिमन यांनी निकाल लिहिला. संकेतस्थळं बंद करण्याचं ६९अ त्यांनी टिकवलं, आणखी एका कलमाचा अर्थ आवळून दिला. ६६अ मधला चांगला भाग वेगळा काढता येतो का, हेही तपासलं. निघेना, तेव्हा ते कलम संपूर्ण गेलं.

कागदावरून गेलं. पोलीस ठाण्यांतून गेलं नाही. मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. पीयूसीएल या संघटनेने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, की ११ राज्यांच्या जिल्हा न्यायालयांत असे ७४५ खटले पडून आहेत. न्यायालयाला पुन्हा, ऑक्टोबर २०२२ मध्ये, आदेश काढावा लागला की ६६अ खाली कुणावरही खटला चालवू नये.

या सभागृहात वकील मंडळी दिसतात, कायद्याचे विद्यार्थीही आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. उद्या आपल्या तालुक्याच्या न्यायालयात जाल तेव्हा ६६अ चा एखादा खटला अजून तारखांवर तारखा घेत पडलेला नाही ना, एवढं बघा. असेल तर त्या आरोपीची बाजू तुम्ही घ्या, त्याच्याकडून फी न घेता.