एक कप कॉफी आणि बंद पडलेलं यंत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



कवीला रेडिओवर बोलावलं, की आता पाऊस तरी येणार किंवा चांदणं तरी, असा ऐकणाऱ्याचा समज होतो. मी आज कॉफी करायच्या यंत्राबद्दल बोलणार आहे, आणि तेही बिघडलेल्या. विषय लहान आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या घरात असं यंत्र बंद पडतं, त्या घरात तो लहान राहत नाही.

एका वेळी एकच कप कॉफी देणारं हे यंत्र आता आपल्याकडे बऱ्याच कार्यालयांत दिसतं. ज्यांची मुलं आखातात किंवा अमेरिकेत आहेत, त्यांच्या ओट्यावरही ते येऊन बसलंय. मागे पाण्याची टाकी असते. झाकण उघडून आत कॉफीची एक छोटी बंद डबी ठेवायची, झाकण लावायचं आणि बटण दाबायचं. आतली सुई त्या डबीला भोक पाडते, पंप गरम पाणी त्यातून ढकलतो आणि मिनिटभरात कप भरतो. नेस्ले कंपनीतले अभियंते एरिक फावर यांनी १९७६च्या सुमारास अशी रचना बसवली आणि १९८६ पासून ‘नेस्प्रेसो’ या नावानं ती विकली जाऊ लागली. अमेरिकेत जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन यांनी १९९२ साली ‘क्युरिग’ कंपनी काढली. त्यांची यंत्रं १९९८ पासून आधी कचेऱ्यांत गेली आणि काही वर्षांनी घरांत.

आमच्या घराण्यात हे यंत्र आलं ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी. तिला आम्ही आपा म्हणतो. चार वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड काही परत आली नाही. उकळतं भांडं सांडशीनं उतरवणं बंद झालं. मग दुबईला नोकरी करणाऱ्या भाच्यानं हे यंत्र आणून दिलं. डाव्या हातानं डबी ठेवायची आणि डाव्याच हातानं बटण दाबायचं. पहाटे घर झोपलेलं असताना आपा स्वतःची कॉफी स्वतः करून खिडकीशी बसायची. दिवसभरात कुणाची मदत न घेता ती एवढंच एक काम पुरतं करू शकत होती.

एक दिवस यंत्रानं नुसतं घर्र केलं आणि कपात चार थेंब टाकले. घरातले म्हणाले, “त्यात काय, सूनबाई करून देईल.” सूनबाई आनंदानं करूनही देत होती. पण आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा कळलं, की आपानं सकाळची कॉफीच सोडली आहे. मी कारण विचारलं. ती म्हणाली, “अरे, पहाटे पाच वाजता एका कपासाठी लेकराला कोण उठवणार?”

कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. (कंपनी कुठली, ते सांगत नाही.) उत्तर मिळालं, की यंत्र परदेशात घेतलेलं आहे, त्याची हमी इथं चालणार नाही, सुटे भागही येत नाहीत, तेव्हा नवीन घ्या. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विजेचं माझं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं. म्हणून कोपऱ्यावरच्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. आमच्या मोहल्ल्यात सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्यानं असलं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. त्यानं ते पालथं केलं, हुंगलं आणि म्हणाला, “शायरसाहेब, आधी खोलायचं नाही. आधी विचारायचं.” त्यानं त्या यंत्राला कोणकोणते प्रश्न विचारले, ते तुम्हाला क्रमानं सांगतो. तुमच्या घरी असं यंत्र असेल, तर उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न विजेचा. अशी यंत्रं चौदाशे-पंधराशे वॅटची असतात. आपल्या २३० व्होल्टवर पंधराशे वॅट म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास. घरातला साधा प्लग सहा अँपिअरचा असतो. त्यावर रस्त्यावरचा स्वस्त अडॅप्टर लावला, की तो तापतो आणि सैल होतो. तेव्हा गीझर किंवा इस्त्रीसाठी असतो तो मोठा, सोळा अँपिअरचा प्लग वापरावा. दुबईचं यंत्र आपल्या दाबावर चालतं. अमेरिकेतून आणलेलं मात्र १२० व्होल्टचं असतं. ते इथं थेट लावलं, तर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा प्रश्न टाकीचा. टाकी खाली नीट बसली आहे का? तिच्या तळाला झडप असते. टाकी जरा वर राहिली, तरी झडप उघडत नाही आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. काही यंत्रांत टाकीत एक तरंगता तुकडा असतो आणि त्यात लोहचुंबक असतं. तो तुकडा अडकला, तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही यंत्र पाणी मागत राहतं.

तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला. डबी न ठेवता नुसतं पाणी चालवून बघायचं. पाणी धो धो आलं, तर दोष डबीत किंवा डबीच्या घरात आहे. तरीही थेंबच पडले, तर दोष मागे आहे, म्हणजे सुई, पंप किंवा नळी यांत. एका चाचणीनं अर्धं यंत्र संशयातून मोकळं होतं. आमच्या यंत्रातून डबीशिवायही थेंबच आले.

मग सुई. कॉफीची पूड आणि तिच्यातलं तेल सुईच्या भोकात साचून घट्ट होतं. उस्तादनं प्लग काढला, यंत्र थंड होऊ दिलं आणि खिशातून स्टोव्हची पिन काढली. ज्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यांना ही पिन आठवेल. पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती बारीक तार बर्नरच्या भोकात घातली, की निळी ज्योत परत यायची. तीच पिन इथं चालली. ती नसेल, तर कागदाची क्लिप सरळ करून घ्यावी. मात्र सुई धारदार असते आणि नेमकी झाकणाखाली लपलेली असते, म्हणून आत बोट घालू नये.

पाणी थोडं वाढलं, पण पुरेसं नाही. पुढचा संशय हवेचा. टाकी कोरडी असताना यंत्र चालवलं किंवा ते बरेच दिवस बंद राहिलं, की पंपात हवा अडकते. शेतकरी म्हणतात ना, मोटारीनं एअर धरली, तसंच हे. टाकी पूर्ण भरायची, ती दोन-चारदा हलकेच उचलून पुन्हा बसवायची आणि डबीशिवाय थंड पाण्याचे दोन-तीन फेरे चालवायचे. बहुतेक वेळा हवा बुडबुड करत निघून जाते. आमच्याकडे ती निघाली नाही, कारण तिथं हवा नव्हतीच.

शेवटी आलं पाणी. आपाच्या इमारतीला बोअरचं पाणी आहे. सोलापूरच्या काळ्या फत्तरातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात असा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. पाणी तापलं, की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होऊन भांड्याला धरतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तोच हा. गीझरची नळी रुंद असते, ती वर्षानुवर्षं तग धरते. कॉफी यंत्राची वाट काडीएवढी बारीक. तिथं तो थर आधी पाणी कोमट करतो आणि मग वाटच बुजवतो.

यावर औषध किराणा दुकानात मिळतं. लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, एक लिटर पाण्यात दीड-दोन मोठे चमचे विरघळवायचं. अर्धं पाणी यंत्रातून चालवायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग उरलेलं चालवायचं. त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या. लिंबाचा रस घालू नये, त्यातला चोथा आत अडकतो. काही कंपन्या पांढरं व्हिनेगर चालेल म्हणतात, तर काही ते रबरी वायसर खराब करतं म्हणून मनाई करतात. तेव्हा सोबत आलेलं पुस्तक आधी वाचावं. आमच्या यंत्रातून पहिल्या फेरीत चुन्यासारखं गढूळ पाणी आलं. दुसऱ्या फेरीत धार लागली. उस्तादनं एकही स्क्रू फिरवला नव्हता. मजुरी विचारली, तर म्हणाला, “खोललं कुठं? आपांच्या हातची कॉफी पाजा.”

आता एक इशारा. या यंत्रात नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं पाणी दाबाखाली असतं. पंप चालू असताना झाकण उघडू नये. २०१४ मध्ये क्युरिगनं एका मॉडेलची सुमारे ६६ लाख यंत्रं अमेरिकेतून परत मागवली, कारण गरम पाणी उडून माणसं भाजली होती. तेव्हा यंत्र लावताच घरातला ट्रिपर पडत असेल, शॉक बसत असेल किंवा खालून पाणी झिरपत असेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. ते जाणकाराचं काम आहे.

आणि जाणकारापुढेही अडचण असतेच. यातल्या कितीतरी यंत्रांचे स्क्रू असे चमत्कारिक आकाराचे असतात, की आपला पाना त्यांना लागत नाही. खोलू नका, हेच ते स्क्रू सांगत असतात. २०१४ मध्ये क्युरिगनं परवान्याचीच डबी ओळखणारं यंत्र काढलं होतं. गिऱ्हाईक इतकं चिडलं, की पुढच्याच वर्षी कंपनीला आपली कॉफी आपण भरायची डबी परत आणावी लागली. २०१६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं कचऱ्याच्या कारणावरून सरकारी खर्चानं अशा डब्या घेणं बंद केलं. खुद्द सिल्व्हन यांनी २०१५ मधल्या एका मुलाखतीत सांगितलं, की आपण हे केलं याचं कधी कधी वाईट वाटतं.

आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. युरोपीय संघानं २०२४ मध्ये तसा कायदा केला. चांगली गोष्ट आहे. पण कायदा अंगणात येईपर्यंत उस्ताद टिकला पाहिजे. तो टिकायचा, तर आपण बंद पडलेली वस्तू भंगारात देण्याआधी त्याच्या दुकानाची पायरी चढली पाहिजे.

या यंत्राची चैन म्हणून टर उडवणं सोपं आहे. भरल्या घरात धडधाकट माणसानं डबीमागे डबी फेकत कॉफी प्यावी, असं मलाही वाटत नाही. ज्यांना ते लागतंच, त्यांनी पुन्हा भरता येणारी डबी घ्यावी, कॉफी फार बारीक दळू नये, गाळलेलं मऊ पाणी वापरावं आणि पाणी जड असेल, तर दर दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाचा फेरा द्यावा. खर्चही कमी, कचराही कमी.

आणि सुनांना, मुलांना, भाच्यांना एक सांगणं. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतली वस्तू बंद पडली, मग ती कॉफीचं यंत्र असो, रेडिओ असो वा उशाचा दिवा असो, तर “आम्ही आहोत ना” एवढं म्हणून थांबू नका. तुम्ही आहात, हे त्यांना माहीत असतं. त्या वस्तूमुळे कोणतं काम ते स्वतःचं स्वतः करत होते, ते विचारा आणि त्याच आठवड्यात ती दुरुस्तीला न्या.