रकान्यातली वर्दी



"तू नक्की करतोस काय?" असं सकाळपासून मला बऱ्याच जणांनी विचारलंय. कॉम्प्युटरवर फॉर्म भरताना नाव, पत्ता टाइप करायला रकाने असतात ना, ते मी बनवतो.

रकान्यात तुम्ही एक अक्षर टाकलं किंवा खोडलं, की प्रोग्रामला लगेच वर्दी जाते: मजकूर बदलला! आमच्या भाषेत 'इव्हेंट'. वर्दी आल्यावर काय करायचं, ते आम्ही आधीच लिहून ठेवतो. मी सुरुवात केली व्हिज्युअल बेसिकवर. रकमेपुढे '/-' आपोआप लागावं म्हणून मी या वर्दीतच तशी सोय केली. पण '/-' लागलं म्हणजे पुन्हा मजकूर बदलला, म्हणून पुन्हा वर्दी, पुन्हा '/-'. पहिल्याच आकड्याला प्रोग्राम कोलमडला. गणिताच्या सरांना माझ्याकडून याहून वेगळी अपेक्षा नसावी!

ती चूक हसण्यावारी गेली. दुसरी नाही गेली.

पुढे ब्राउझरमध्ये चालणारा एक मराठी फॉर्म माझ्याकडे आला. तिथे दोन वर्द्या मिळतात. 'इनपुट' ही प्रत्येक बदलाला येते. 'चेंज' ही लिहून झाल्यावर, रकाना सोडताना. मी उत्साहाने इनपुट निवडली. चूक झाली की तिथल्या तिथे दाखवायची! नियम घातला, की नावाच्या शेवटी पाय मोडलेलं अक्षर चालणार नाही.

घरी आईला फॉर्म भरायला बसवलं. तिचं नाव 'द्वा'ने सुरू होतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर आधी द, मग हलंत, मग व, मग काना. तिने हलंत दिला आणि लाल अक्षरं उमटली: 'नाव चुकीचे आहे.' तिने खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. शेवटी तिने 'दवा' लिहिलं आणि म्हणाली, "असू दे रे, त्याला असंच हवंय." साठ वर्षं वापरलेलं नाव तिने माझ्या नियमासाठी बदललं. मला काही बोलता येईना.

मला आपला पाचवीचा वर्ग आठवला. धडा वाचताना जोडाक्षरापाशी मी अडखळायचो, मागच्या बाकावरून खसखस पिकायची (कोण ते इथे बसलेत). पण बाई वाक्य पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. पूर्णविराम आला, की मग सांगायच्या.

ती तपासणी मी 'चेंज'वर नेली. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा: त्यांचा शब्द जुळत असतानाही इनपुटच्या वर्द्या येतच राहतात. शब्द जुळला, की 'कंपोझिशनएंड' नावाची वर्दी येते; तोवर आता आम्ही गप्प बसतो. शोधायच्या रकान्यात मात्र लिहिता लिहिता पर्याय दाखवावे लागतात. तिथे शेवटची कळ दाबल्यावर 300 मिलिसेकंद थांबतो, मग शोधतो.

दिवाळीत आईने पुन्हा फॉर्म भरला. नाव नीट गेलं. पुढे पिनकोडपाशी लाल अक्षरं आलीच. तिने चष्मा वर करून आकडे मोजले. पाचच होते.

"हे मात्र माझं चुकलं," म्हणाली, आणि सहावा टाकला.