शाळेत एक रिकामा माणूस हवा

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प चौथे)



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य : सद्यःस्थिती व आव्हाने’. तो संयोजकांचा विषय. माझा विषय एका ओळीचा आहे आणि तो आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घरी जाऊन मॅच बघायची आहे त्यांची सोय होईल. (हशा) शाळेत एक रिकामा माणूस हवा. ज्याच्याकडे वर्ग नाही, खिचडीचा हिशेब नाही, मतदारयादी नाही, आणि ज्याच्या मोबाइलवर ‘लिंक आजच बारापर्यंत भरावी’ असा मेसेज येत नाही. पोरांशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, एवढंच ज्याचं काम.

सद्यःस्थिती तुम्ही जाणताच, त्यामुळे ती पळतच सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र पहिला. निमहान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे चाळीसच्या वर्गात साधारण तीन. ती तिघं कोण, हे हजेरीपटावरून कळत नाही.

योजनांची आपल्याकडे टंचाई नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवेचा कायदा आहे. ‘टेलिमानस’ आहे, १४४१६ हा नंबर लिहून घ्या, फुकट आहे. २०२०मध्ये शालेय आरोग्याचा नवा कार्यक्रम आला, त्यात ठरलं की प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत होतील, शक्यतो एक पुरुष आणि एक महिला. आता आपल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत काय होणार? सगळा स्टाफ दूत! (हशा) आणि एकशिक्षकी शाळेत त्या एका गुरुजींनी दोन कुठून आणायचे, ते परिपत्रक काढणाऱ्यालाच ठाऊक.

मग जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. निकालाबद्दल मला आदरच आहे. पण आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच चौदा हजारांच्या वर आहेत. शंभरच्या आतल्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा, असं निकालात आहे. त्याचं आपल्याकडे काय होणार? दर्शनी भिंतीवर, पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी, ऑइलपेंटनं आणखी एक फोन नंबर.

पुढच्या दोन रांगांत माझे शिक्षकमित्र बसलेत, त्यांचे चेहरे मला दिसतायत. ‘म्हणजे सर, आम्हाला मुलं कळत नाहीत?’ असं नाही हो. मी केंद्रप्रमुख होतो, तुमच्यातलाच आहे. पोरगं उंबऱ्यात पाऊल टाकतं तेव्हाच आज घरी भांडण झालंय हे ओळखणारे गुरुजी मी पाहिलेत. पण ओळखल्यानंतर त्याच्याजवळ बसायला वीस मिनिटं लागतात आणि ती वीस मिनिटं कुठल्याच वेळापत्रकात नाहीत.

हे माझ्या मनाचं सांगत नाही. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात, ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग झाला. करणारी संस्था आपल्या शेजारची, गोव्याची ‘संगाथ’. शाळांचे तीन गट केले. एका गटात, व्यावसायिक मानसतज्ज्ञ नसलेला पण प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र माणूस नेमला. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्यात नेहमीचंच चालू ठेवलं. कार्यक्रमही साधा होता : भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. स्वतंत्र माणूस होता तिथं शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकावर सोपवलं तिथं तिसऱ्या गटापेक्षा काही फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. कार्यक्रम तोच, प्रशिक्षणही होतं. पण ते आधी शिक्षक होते, आणि उरलेल्या वेळात हे.

आता एक छोटी गोष्ट सांगतो. (संयोजक घड्याळ बघतायत, छोटीच आहे.)

माझ्या केंद्रात वाडीवरची एक शाळा होती. पाचवीतला एक पोरगा मधली सुट्टी झाली की गायब. विचारलं की म्हणायचा, पोट दुखतं. आरोग्य तपासणीची गाडी आली. वजन घेतलं, उंची घेतली, डोळे पाहिले, जंताची गोळी दिली. पोट दुखायचं थांबलं नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी लॉगबुकात शेरा मारला : ‘विद्यार्थी मध्यंतरानंतर अनुपस्थित राहतो. पालकांना समज द्यावी.’

खरं काय ते माहीत होतं खिचडीवाल्या मावशीला. आता खिचडीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. १९९५ साली पोषण आहार योजना आली तेव्हा आपल्याकडे शिजवत नव्हते, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, आणि तेही हजेरी ऐंशी टक्के भरली तर. तांदळाच्या दिवशी शाळेत जत्रा! पिशव्या, वजनकाटा, ‘माझ्यात खडेच जास्त आले’ म्हणून भांडणं, आणि वजन करायला कोण? मुख्याध्यापक. मग शिजवून द्यायचं ठरलं आणि या बाया शाळेत आल्या. ओली लाकडं, पत्र्याची शेड, पावसाळ्यात चूल पेटता पेटत नाही, धुरानं डोळे लाल. यांना मानधन किती मिळतं ते या व्यासपीठावरून सांगवत नाही. (टाळ्या) टाळ्या नकोत, जिल्हा परिषदेत ऐकू जात नाहीत. (हशा)

तर ही मावशी सकाळी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसायची आणि पोरगा तिच्याजवळ खडे वेचत बसायचा. चारसहा दिवसांनी बोलला. त्याची आई भांडणात म्हणाली होती, ‘एक दिवस विहीर जवळ करीन.’ म्हणून हा रोज दुपारी धावत घरी जायचा. आई आहे ना, एवढं बघायचा. मावशी त्याची थाळी झाकून चुलीच्या कडेला ठेवायची. मग तिनंच आशाताईच्या कानावर घातलं. ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याचं मानसिक आरोग्य पथक ठरल्या दिवशी यायचं, तिथं आशाताईनं त्या माउलीला नेलं आणि औषध सुरू झालं. काही महिन्यांनी पोरगा दुपारनंतर वर्गात टिकू लागला. लॉगबुकातला शेरा मात्र तसाच राहिला.

(श्रोत्यांतून : ‘पण सर, मावशी कुठं रिकामी होती?’ हशा)

बरोबर पकडलंत! तिचे हात गुंतलेले होते, पण कान मोकळे होते. गुरुजींचे कान बाराच्या लिंककडे. आणि प्रत्येक शाळेला अशी मावशी लाभेल, या भरवशावर राज्य चालवता येत नाही.

अध्यक्षांच्या भुवया मघापासून वर आहेत. ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांची शंका रास्त आहे : अर्धवट शिकलेला समुपदेशक घात करील. मान्य. म्हणून त्यानं औषधाचं नाव काढायचं नाही. दर आठवड्याला तज्ज्ञापुढं बसून आपल्या कामाचा आढावा द्यायचा. जिवाला धोका दिसला तर त्याच दिवशी मुलाला रुग्णालयात पोचवायचं. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथं गुपित ठेवता येत नाही. आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवायचं. पण डॉक्टरसाहेब, देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. तुमची वाट बघत बसलो तर पाचवीतला पोरगा बापय होईल.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ मघाशी म्हणालो छोटी गोष्ट, आता भोगा. (हशा) तर ‘आव्हाने’ हा भाग तुम्ही घरी वाचा, मी पैशाचं सांगतो.

प्रत्येक शाळेत एक माणूस परवडणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून केंद्राला एक. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं आहेत, म्हणजे तेवढी केंद्रं. एका केंद्रात दहापंधरा शाळा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, प्रत्येक शाळेत हा माणूस दिसला पाहिजे. महिना पंचवीस हजार मानधन धरा. वर्षाला १४५ कोटी ८० लाख. राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात गेलाय. पैसा नाही, असं मला कुणी सांगू नये.

भीती वेगळीच आहे. माणूस नेमला जाईल आणि सहा महिन्यांत तोही मतदारयाद्या तपासत फिरेल. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानं शिक्षकांच्या अशैक्षणिक कामांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक अशी मर्यादा घातली. तिचं काय झालं ते पुढच्या दोन रांगांना विचारा.

तेव्हा एकच विनंती. तुमच्यापैकी कितीतरी जण शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचंच काम आहे. जूनमध्ये शाळा उघडतील. पहिल्याच सभेत दोन वाक्यांचा ठराव मांडा : ‘आमच्या केंद्राला एक पूर्णवेळ समुपदेशक द्यावा. त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.’ तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पहिलं वाक्य सगळेच मान्य करतील. भांडायचंय ते दुसऱ्या वाक्यासाठी, ते कुणालाही खोडू देऊ नका.